आत्याचं वाक्य

प्रोसेसरचा वेग वाढवला की घरातल्या कोणाचा तरी वेग तेवढाच कमी होतो, म्हणून निषादनं आधी घरात विचारलं.

मिरजेत त्यांच्या गल्लीत सगळे विचारूनच करत. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्यानं आपल्या कॉम्प्युटरसाठी सासऱ्यांना विचारलं होतं. ते आनंदानं हो म्हणाले, कारण त्यांना तसंही कुठं जायचं नव्हतं. आता त्यांचं दुपारचं जेवण दिवेलागणीला संपत असे आणि लग्नाचे अल्बम वेळेवर मिळत.

निषादला डिझाइनच्या कॉलेजात प्रवेशासाठी तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म पाठवायची होती. फिल्ममध्ये एक सुई गावभर पळत सुटते आणि दिसेल ते एकमेकांना शिवत जाते. फिल्म चांगली होती, पण कॉम्प्युटर ती इतक्या सावकाश तयार करत होता की शेवटच्या तारखेपर्यंत सुई जेमतेम बाजारात पोचली असती.

"मी हळू झालो तर गिऱ्हाईक ताप उतरल्यावर औषध घेऊन जाईल," बाबा म्हणाले. त्यांचं औषधांचं दुकान होतं.

"आणि मी हळू झाले तर तुम्ही सगळे उपाशी," आई म्हणाली.

निषादच्या धाकट्या बहिणीची, इराची, दहावी होती. तिला कोणी विचारलं नाही, आणि तिनंही आपणहून काही सांगितलं नाही. इरा मुळातच कमी बोलायची. तिचं वाक्य सुरू व्हायचं आणि अर्ध्यात अडायचं. उरलेलं अर्धं आत्या पूर्ण करायची. पाहुणे म्हणत, "काय गं, शाळा कशी चाललीय?" इरा म्हणे, "चांगली, पण..." आणि आत्या आतून ओरडे, "पण भूमितीच्या बाई फार चिडतात!" ते नेहमी बरोबर असे.

आत्या ही बाबांची धाकटी बहीण. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून ती साड्यांना फॉल लावायची. हातात सुई, एक डोळा गॅसवर आणि तोंड चालू. तिच्याइतकं भराभर घरात कोणीच काही करत नसे.

घराघरांतल्या वेगाचा भार मोजायला सरकारी कार्यालयातून पाटसकरसाहेब आले. ते सभ्य होते. चप्पल दाराबाहेर सरळ ठेवून ते आत आले, मीटर पाहिलं, मग घरातल्या प्रत्येकाला एकेक ओळ वाचायला लावली आणि कानानं तोललं. आत्याची ओळ त्यांना पुन्हा वाचायला सांगावी लागली, कारण पहिल्यांदा ती त्यांचं पेन उघडायच्या आत संपली होती.

"घराचा मंजूर भार एवढाच आहे," ते म्हणाले. "कॉम्प्युटरचा चढवायचा तर कोणाचा तरी उतरवावा लागेल."

"मग माझाच उतरवा!" आत्या हसत म्हणाली. "मी नाहीतरी भारच आहे या घरावर."

"वन्सं, काहीतरीच काय!" आई म्हणाली.

आत्या ते रोजच म्हणायची. चहाचा दुसरा कप मागतानाही म्हणायची. पण पाटसकरांनी मान डोलावली. "भार कोण, हे कार्यालय ठरवत नाही. त्या स्वतः म्हणाल्या, ते धरलं. आमच्याकडे तोंडी बोललेलं पक्कं असतं."

"अहो, मी गंमत केली," असं आत्या म्हणाली असती, तर तेही पक्कं झालं असतं. तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. बाबा मीटरकडे बघत होते. आई पदर खोचत होती. निषाद कोणाकडेच बघत नव्हता. "असू दे," आत्या म्हणाली. "पोराची सुई तरी पळेल."

इराच्या तोंडात "पण" आला होता. त्याच्या पुढचं पूर्ण करायला ह्या वेळी कोणी नव्हतं.

निषादनं घाई केली नाही. तो वेग एक पायरी चढवे आणि मग प्रोसेसरला कठीण गणितं घालून चाचणी लावे. चाचणीत स्क्रीन निळी पडली की व्होल्टेज चिमूटभर वाढवे.

"इतकं जपून कशाला रे?" आत्यानं विचारलं.

"त्याला पळवायचं तर जास्त खायला घालावं लागतं, आत्या. कमी पडलं तर चक्कर येऊन पडतो. जास्त झालं तर तापतो, पंखा ओरडतो आणि वीज वाया जाते. मधली जागा शोधायची."

"म्हणजे तुझ्या बाबांसारखंच सगळं."

पहिल्या पायरीला कोणाला फारसं काही कळलं नाही. आत्या आता समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेऊ लागली, एवढंच. आई म्हणाली, "वन्सं बऱ्याच शांत झाल्यात हल्ली." शेजारच्या ढवळेकाकूंनी तर आपल्या सुनेसाठी चौकशी केली.

पुढच्या पायरीला तिचा चहा कपातच गार व्हायला लागला. त्याच्या पुढच्या पायरीला बाबांनी जेवताना केलेल्या विनोदावर ती हसली तेव्हा ताटं घासून झाली होती. मोरीतून आईनं विचारलं, "काय झालं हो हसायला?" आणि आत्यानं सावकाश, एकेक शब्द मांडत तो विनोद आईलाच परत सांगितला.

पाहुण्यांसमोर इराची वाक्यं आता अर्धीच राहू लागली.

"स्थिर... झाला... का... रे?" आत्या निषादला विचारी.

"अजून नाही गं. मध्येच पडतो."

"मग... घे... अजून... थोडं."

शेवटच्या चाचणीच्या दिवशी सकाळी आत्या खुर्चीत बसून एका हिरव्या साडीला फॉल लावत होती. आईनं दूध तापत ठेवलं होतं आणि ती दारात भाजीवालीशी बोलत होती. इरा त्याच खोलीत, गॅसकडे पाठ करून भूगोल वाचत होती. चाचणी संपत आली आणि स्क्रीन थरथरली. निषादनं व्होल्टेज आणखी एकदा वाढवलं.

स्क्रीन थरथरायची थांबली.

"स्थिर!" निषाद ओरडला. "स्थिर झाला!"

त्याच क्षणी इराला मागून आवाज आला. आत्यानं मान गॅसकडे वळवली होती, तोंड उघडलं होतं आणि म्हणत होती, "इ..."

इरा तिच्या पुढच्या अक्षराची वाट बघत राहिली. दूध उतू गेलं, ज्योत विझली, आई धावत आली, ओटा पुसून झाला. आत्या "इ"वरच होती.

फिल्म वेळेत गेली. सुई गावभर पळाली, अगदी आत्याच्या हातातल्यासारखी, आणि निषादला प्रवेश मिळाला. त्यानं फिल्म पाठवली त्याच सकाळी प्रोसेसर मूळ वेगावर आणून ठेवला होता. पंखा शांत झाला. आत्यात काहीच फरक पडला नाही.

तिचा "इ" घरात फ्रिजच्या आवाजासारखा मुरला. त्याचा त्रास नव्हता. मागच्या आळीतले सतारवाले बागेवाडीकाका तर आपला नवा तंबोरा घेऊन येत आणि त्या स्वरावर तारा लावून जात. "असा स्थिर सूर यंत्रालाही धरता येत नाही," ते म्हणत. निषाद तेव्हा खोलीतून उठून जाई.

त्यानं कार्यालयात चौकशी केली. पाटसकरसाहेब पुन्हा आले, चप्पल पुन्हा सरळ ठेवली.

"वेग परत आलाय," मीटर पाहून ते म्हणाले. "पण तो घराच्या नावावर जमा आहे. बाईंच्या नावावर करायचा तर त्यांनी माझ्यासमोर तोंडी मागायला हवा. एक पूर्ण वाक्य. कार्यालयाच्या वेळेत."

"अहो, पण ती बोलतेयच कुठं?" बाबा म्हणाले.

"बोलतायत की." पाटसकरांनी कान दिला. "'इ' ऐकू येतोय. 'इच्छा' असणार. इच्छा आहे किंवा इच्छा नाही, एवढंच व्हायचं राहिलंय. मी बसतो."

ते खरोखरच बसले. आईनं त्यांना पोहे दिले. दुपारी त्यांनी स्वतःचा डबा उघडला आणि लिंबाच्या लोणच्याची फोड आईला आग्रहानं वाढली. घरातले सगळे आत्याच्या तोंडाकडे बघत होते. निषाद तिच्या पायाशी बसला होता आणि हळूच म्हणत होता, "च्छा म्हण, आत्या. च्छा."

उन्हं उतरली तेव्हा तिची जीभ हलली. बाबा उठून उभेच राहिले.

"...रा..."

पाटसकरांनी भुवया वर केल्या. "इरा म्हणजे काय?"

"मी," इरा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिचे कान तापले, पण ती उभी राहिली. "माझं नाव. ती... ती जुनंच वाक्य बोलतेय. दुधाचं. त्या दिवशी दूध उतू जात होतं, ते ती मला सांगत होती, ते अजून संपलेलं नाही. ते संपल्यावर ती वेगाचं बोलेल. तिला हवाय वेग. मला माहितीय. मी सांगते की तिच्या वतीनं. माझी वाक्यं इतकी वर्षं तीच पूर्ण करत आली."

इतकं लांब इरा त्या घरात कधीच बोलली नव्हती.

पाटसकरांनी चष्मा काढून पुसला. "बाळ, तुझं म्हणणं मला पटतं," ते म्हणाले. "पण वाक्य ज्याचं त्यानंच पूर्ण करायचं असतं. नाहीतर उद्या कोणीही कोणाचा वेग मागेल."

"मग तिचं वाक्य होईपर्यंत थांबा ना."

"मी थांबलो असतो. पण न मागितलेला वेग घरात ठेवता येत नाही. तो आज गल्लीकडे वर्ग होतो." चप्पल घालताना ते दारात जरा घोटाळले. "एक आहे. ह्यांचं वयही आता त्याच चालीनं वाढेल. तुम्ही सगळे म्हातारे व्हाल, ह्या अशाच राहतील." त्यांना ते समाधानाचं वाटत होतं. आईनं पदर तोंडाला लावला.

वेग गल्लीत गेला. त्याचं काय झालं ते नीट कोणाला कळलं नाही. ढवळेकाकूंचा नातू दीड वर्षाचा झाला तरी रांगतच होता, तो त्या आठवड्यात उठला आणि एकदम पळायलाच लागला. तो मनगट झटकत पळायचा. आत्या दोरा तोडताना असंच मनगट झटकायची. इरा त्याला खिडकीतून बघायची आणि त्याच्या आईनं हात केला की आत सरकायची.

हिरव्या साडीची मालकीण साडी न्यायला आली. आत्याच्या बोटांतली सुई कापडात अर्धी गेलेली होती. बाईंनी साडीचा मोकळा काठ हातानं सारखा केला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "मुलीच्या लग्नाला दुसरी नेसेन."

निषाद कॉलेजला निघाला तेव्हा आत्याच्या पाया पडला आणि तसाच वाकून राहिला. शेवटी बाबांनी त्याला दंडाला धरून उठवलं, कारण गाडीची वेळ झाली होती. आत्याचा मोकळा हात आशीर्वादासाठी मांडीवरून उचलायला लागला होता. थंडी सुरू झाली तेव्हा तो हात निषादच्या वाकलेल्या डोक्याच्या उंचीला पोचला आणि रिकाम्या जागेवर टेकल्यासारखा थांबला. आईनं निषादला फोनवर ते सांगितलं नाही. इरा मात्र शाळेतून आल्यावर त्या हाताखाली थोडा वेळ वाकून उभी राहिली. पण तो तिच्यासाठी नव्हता, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती बाजूला झाली.

"दू" येऊन गेला. "ध" आला. इरा आता अभ्यासाला आत्याच्या समोर बसायची, गॅसकडे तोंड करून. अक्षर संपायला आलं की कसं पातळ होतं, ओठ पुढच्या अक्षरासाठी आधीच कसे जुळवाजुळव करतात, हे तिला कळायला लागलं. "उ" लांबला. "तू" संपला त्या दिवशी इराचा बीजगणिताचा पेपर होता. "जा" तिच्या सुट्टीभर पुरला.

मग एका सकाळी "तं"ला तडे जायला लागले. इरानं पातेलं घेतलं, दूध ओतलं आणि गॅस पेटवला.

दूध आधी गप्प होतं. मग कडेनं बुडबुडे आले, साय धरली, साय फुगली.

"अगं, समोर उभी राहून काय बघतेस?" आई आत येत म्हणाली. "बंद कर! जाईल ना ते!"

"थांब, आई," इरा म्हणाली. "तिचं व्हायचंय अजून."

आईचा गॅसकडे गेलेला हात मध्येच थांबला. दोघी ओट्यापाशी उभ्या राहिल्या. साय काठाच्या वर आली, थरथरली. इरानं ज्योत कणभर कमी केली, मग पुन्हा केसभर वाढवली. आत्याची जीभ टाळूकडे निघाली होती.

"...य."

दूध उतू गेलं. पातेल्याच्या अंगावरून ओघळलं, गॅसवर चर्र झालं, करपल्याचा वास सुटला. इरानं गॅस बंद केला.

"बरं झालं सांगितलंस, आत्या," ती म्हणाली. "माझं लक्षच नव्हतं."

आईनं फडकं दिलं. इरानं ओटा पुसला, हात धुतले आणि स्टूल ओढून आत्याच्या समोर बसली. आत्याच्या ओठांचा डावा कोपरा हलायला लागला होता.