एका कार्यालयात एकच ब्राउझर

त्या दोघांचं लग्न शुक्रवारी सकाळी झालं. मात्र त्याची नोंद न झाल्यामुळे ते झालेलं नाही. आणि वाचकांनी हे पहिलं वाक्य वाचलं असलं, तरी वाचलेलं नाही असं धरून पुढे चालावं.

तर, लग्न व्हायचं होतं.

अर्जदार क्रमांक एक, म्हणजे नवरी, बंदरावर क्रेन चालवायची. अर्जदार क्रमांक दोन, म्हणजे नवरा, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. तिला वरून माणसं मुंगीएवढी दिसायची आणि त्याला भिंगातून मुंगी माणसाएवढी. दोघांची नजर नेमकी कुठे जुळली, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. नवरीची बदली लांबच्या बंदरावर झाली होती आणि सोमवारी तिला तिथे हजर व्हायचं होतं. तिथे जोडप्याला राहायला खोली मिळणार होती, पण लग्नाचा दाखला दाखवला तरच. नाहीतर तिची सोय बायकांच्या वसतिगृहात आणि त्याची सोय त्याच्या आईकडे. आईने त्याच्या खोलीत एव्हाना शिवणयंत्र मांडलं होतं.

विवाह नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या. दोन साक्षीदार सही ठोकून कामाला पळाले. तिसरी, नवरीची आत्या, पेढा मिळेपर्यंत हलणार नव्हती. निबंधकसाहेबांनी गंभीरपणे अभिनंदन केलं. आता कारकूनबाईंनी संगणकावर नोंद टाकली की दाखला बाहेर येणार होता. बाईंनी बटण दाबलं. दाखल्याऐवजी पाटी आली: ‘आपला ब्राउझर कालबाह्य झाला आहे. कृपया आधुनिक ब्राउझर वापरावा.’

“कालबाह्य? कोण म्हणतंय?” साहेबांनी विचारलं.

“संकेतस्थळ म्हणतंय.”

“कुणाचं?”

“आपलंच, साहेब.”

साहेब जरा वरमले. बाई म्हणाल्या, “हा आता नवा करून मिळत नाही. बनवणाऱ्यांनीच नाद सोडलाय. दुसरा घेते, चहा येईपर्यंत होईल.”

“दुसरा?” साहेबांचा आवाज एकदम खाली आला. “पहिला हयात असताना?”

बाईंना प्रश्न कळला नाही. साहेबांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे लाल अक्षरांत लिहिलं होतं की पहिला विवाह कायम असताना दुसरा करणे हा गुन्हा आहे.

“या भिंतीला टेकलेल्या संगणकात दोन-दोन नांदवायचे?”

“अहो साहेब, ब्राउझर आहे तो.”

“म्हणूनच हळू बोला. बाहेर जोडपी बसलीयेत.”

साहेब वाईट माणूस नव्हते. एकच कायदा आयुष्यभर राबवल्यामुळे त्यांना दुसरा दिसत नसे, एवढंच. त्यांनी तोंडी आदेश दिला: आधी योग्य उमेदवाराची निवड, मग जुन्यापासून रीतसर फारकत, मग नव्याचा स्वीकार. कार्यालयाच्या नावाला बट्टा लागता कामा नये.

निवडीला सगळेच बसले. बाईंनी तीन उमेदवार पडद्यावर आणले.

“पहिल्याचं वय?”

“वय नसतं हो, आवृत्ती असते. एकशे एकतीस.”

“एकशे एकतीस! आणि या वयात बोहल्यावर?”

“दुसऱ्याची आवृत्ती चार.”

साहेब खुर्चीतून उठलेच. “बंद करा ते! अल्पवयीन आहे. दोघंही आत जाऊ.”

तिसऱ्याची आवृत्ती सव्वीस निघाली. साहेब पुन्हा बसले. “हां. हे वयात बसतं. स्वभाव कसा आहे?”

“आमच्या दुकानात हाच आहे,” नवरा म्हणाला. “चांगला चालतो. फक्त काही विचारलं की जरा वेळ गप्प बसतो आणि गोल गोल फिरवतो.”

“संसारी आहे,” आत्या म्हणाली. “घेऊन टाका.”

आता फारकत. बाईंनी जुना ब्राउझर काढायची आज्ञा दिली, तर त्याने विचारलं: ‘तुम्ही जात आहात याचं आम्हाला वाईट वाटतं. आमचं काय चुकलं, सांगाल का?’

साहेब सावकाश म्हणाले, “बघा. आजवर इतकी घरं मोडताना पाहिली, पण एवढ्या अदबीनं कुणी कुणाला विचारलं नाही. समेटाला वाव दिसतो.”

“साहेब, सोमवारी मला क्रेनवर चढायचंय,” नवरी म्हणाली.

“संसार मोडायची घाई करू नये, ताई. तुमचा तर अजून सुरूही नाही.”

नियमाप्रमाणे उभय पक्षांना एकांत देण्यात आला. बाई आणि संगणक आत, बाकी सगळे व्हरांड्यात. दाराच्या काचेतून बाई शांतपणे डबा खाताना दिसत होत्या. डबा संपल्यावर त्यांनी दार उघडलं.

“काय म्हणतोय?” साहेबांनी काळजीने विचारलं.

“तो प्रतिसाद देत नाहीये. पडद्यावर तसं लेखी आलंय.”

असहकार सिद्ध झाला. साहेबांनी जड मनाने मान हलवली आणि जुना ब्राउझर जाग्यावरून नाहीसा झाला.

“आता नव्याला बोलवा.”

“कशातून बोलवू?” बाई म्हणाल्या. “नवा आणायला जुनाच लागतो.”

साहेबांना हे पचायला वेळ लागला. “म्हणजे लोक नव्याला आणायला जुन्यालाच पाठवतात?”

“सगळेच.”

“आणि तो जातो?”

“निमूट जातो. नवा घरात आला की मग त्याला कुणी हात लावत नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. नवऱ्याने सवयीने तो त्यांच्या हातातून घेऊन, फुंकर मारून, पुसून परत दिला. तेवढ्यात कार्यालय बंद व्हायची वेळ झाली. दुःखाचं कारण असलं, तरी वेळ पाळावीच लागते.

शनिवारी आत्या मोबाइल आणि वायर घेऊन हजर झाली. “माझ्या फोनवरून उतरवून घ्या. त्यात एक सोडून तीन आहेत.”

“तीन? एकाच वेळी?”

“एक बँकेला, एक गाण्यांना, आणि एक त्या दोघांचं बिनसलं तर.”

“तिघांना एकमेकांचं माहीत आहे?”

“न माहीत असायला काय झालं? रोज मागे लागतात, मला मुख्य कर, मला मुख्य कर. मी तिघांनाही ‘नंतर बघू’ सांगून ठेवलंय.”

साहेबांनी तिच्याकडे जरा भीतीनेच पाहिलं. पण वायर जोडली गेली, नवा संगणकात उतरला, आणि पडद्यावर बारीक अक्षरांचा लांबच लांब मजकूर उघडला. खाली एक चौकोन होता. त्यापुढे लिहिलं होतं: ‘वरील सर्व अटी व शर्ती मी वाचल्या आहेत व मला त्या मान्य आहेत.’ बाईंचं बोट आपसूक तिकडे गेलं.

“थांबा! वाचल्यात?”

“हे कुणी वाचत नाही, साहेब.”

“मग ‘वाचल्या आहेत’ असं लिहून कसं द्यायचं? खोटं निवेदन? माझ्यासमोर?”

आत्याचा पारा चढला. “अहो, काल या दोघांनी जन्माचं लिहून दिलं, तेव्हा विचारलंत का वाचलंय का म्हणून?”

“विचारलं. दोघंही ‘हो’ म्हणाले.”

नवरा-नवरी एकमेकांकडे बघू लागले.

“तू वाचलं नव्हतंस?” तिने विचारलं.

“मला वाटलं तू वाचलं असशील.”

“मी तुझा चेहरा बघून सही केली.”

“मी पण.”

“हे मी ऐकलेलं नाही,” साहेब म्हणाले आणि वाचायला बसले.

अक्षर फारच बारीक होतं. नवऱ्याने खिशातून भिंग काढून दिलं. साहेब एकेक ओळ मोठ्याने वाचत आणि मधूनच थांबून दाद देत. “‘वापर सुरू ठेवल्यास संमती दिली असे समजण्यात येईल, वापर थांबवल्यास पूर्वी दिलेली संमती अबाधित राहील.’ वा! काय भाषा आहे! आपल्या खात्यात असं लिहिणारं आता कुणी उरलं नाही.” दुपार कलली तेव्हा शेवटचं पान दिसायला लागलं. नवरीने पिशवी उचलली. बाईंनी छपाईयंत्रात कोरा कागद घातला. आणि पडद्यावर नवी पाटी आली: ‘आमच्या अटी बदलल्या आहेत. कृपया पुन्हा वाचा.’

साहेबांनी भिंग पुसून घेतलं. ते पहिल्या ओळीवर परत गेले.

रविवारी संध्याकाळच्या बसला नवरी एकटीच चढली. “तू थांब इथे,” ती खिडकीतून म्हणाली. “माझ्यानं इतकं बारीक वाचवत नाही. तुझं कामच आहे ते. पण लवकर संपव हं.”

तेव्हापासून अर्जदार क्रमांक दोन रोज दुकानातून सुटी काढून कार्यालयात बसतो आणि साहेबांसाठी भिंग धरतो. जेवणाच्या सुटीत क्रेनवरून फोन येतो.

“कुठवर आलं?”

“तृतीय पक्षापर्यंत.”

“आपल्या दोघांत हा तिसरा कोण?”

“तेच अजून कळलं नाही. पण आपली सगळी माहिती त्याच्याकडे आहे म्हणतात.”

“मला इथे खोलीत एकटीला घेत नाहीयेत रे.”

“माहितीय. माझ्याही पलंगावर आता कापडाचे तागे आहेत.”

शेवटचं पान दिसायला लागलं की अटी बदलतात. बाहेरच्या बाकांवर ताटकळणाऱ्या इतर जोडप्यांची एव्हाना एकमेकांशी इतकी नीट ओळख झाली, की काहींनी अर्ज मागे घेतले. साहेबांच्या मते कार्यालयाने आजवर केलेली ही सर्वांत मोठी समाजसेवा होती.

अखेर आत्याने तोडगा सुचवला. “तुम्हीच कशाला वाचायला हवं? ज्यानं वाचलंय त्याची साक्ष घ्या की. एक खात्रीचा माणूस आला आणि शपथेवर म्हणाला, मी हे सगळं वाचून मगच ‘मान्य’वर बोट ठेवलं, तर चालेल ना?”

साहेबांनी नियम पाहिले. साक्षीदार नियमात बसत होता. त्यामुळे त्यांचा चेहरा उजळला, नवऱ्याचा उजळला, आणि बाईंनी लगेच मसुदा लिहायला घेतला. तो येथे शब्दशः देत आहोत.

‘सर्व नागरिकांस विनंती करण्यात येते की, ब्राउझरच्या अटी व शर्ती अथपासून इतिपर्यंत वाचून मगच त्यांना संमती दिलेल्या किमान एका व्यक्तीने कार्यालयीन वेळेत, ओळखपत्रासह, निम्नस्वाक्षरीकारासमोर हजर राहावे व तसे शपथेवर सांगावे. एका विवाहित, तथापि अविवाहित, जोडप्याची खोली महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवण्यात आलेली असल्याने विषय तातडीचा समजावा. प्रस्तुत मजकूर वाचणाऱ्या प्रत्येकाने आपण अटी वाचल्याचे आपापल्या फोनवर व संगणकावर यापूर्वीच, आणि वारंवार, लिहून दिलेले असल्यामुळे साक्षीदारांची कमतरता भासेल असे या कार्यालयास वाटत नाही. तरी सर्वांनी एकाच वेळी गर्दी करू नये.’