घरच्या पोरासारखं

भोरला नारायण सरांच्या ओट्यावर जुन्या इंद्रायणी तांदळाचं पोतं उतरवून गोरख घाम पुसत होता आणि सर खुर्चीतून त्याच्याकडे टक लावून बघत होते. उठून हात लावावा असं काही त्यांच्या मनात नव्हतं. त्यांना एक विचार सुचला होता, आणि सरांना विचार सुचला की समोरच्याची धडगत नसे.

"गोरखराव, आमच्या शौनकला कष्ट ठाऊकच नाहीत," सर म्हणाले. "पाण्याचा ग्लाससुद्धा हातात द्यावा लागतो. मुलांना झगडू दिलं पाहिजे. दिवाळीनंतर वेल्ह्यात यावरच माझं व्याख्यान आहे."

सर भोरमध्ये गणिताचा क्लास चालवत आणि पालकांनी कसं वागावं यावर गावोगाव बोलत. गोरखला व्याख्यानाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याची रत्ना यंदा दहावीला होती. शाळेतले गणिताचे मास्तर बदलून गेले, त्यांच्या जागी अजून कुणी आलंच नव्हतं. पोरीला नर्स व्हायचं होतं, आणि गणितानं पाय ओढला तर ती आपल्यासारखीच जन्मभर वाकून भात कापत बसेल, ही धास्ती गोरखला झोपू देत नव्हती. विचारायची हिंमत व्हावी म्हणून तर तो पोतं घेऊन आला होता.

"सर, आमच्या रत्नाला जरा गणिताचं..."

"मग ठरलंच!" सरांनी मांडीवर थाप मारली. "सुट्टीत शौनक तुमच्याकडे विंझरला, कापणीला. रत्ना आमच्याकडे, अभ्यासाला. पण त्याला घरच्या पोरासारखं वागवायचं हं. लाड अजिबात नकोत."

"व्हय सर. आन् रत्ना बी तुमच्याकडं घरच्या पोरीसारखीच ऱ्हाईल."

दोघांनाही फार बरं वाटलं. घरच्या पोरासारखं म्हणजे कसं, हे मात्र कुणीच कुणाला विचारलं नाही.

सरांनी गाडीतून शौनकला आणून सोडलं आणि त्याच गाडीतून रत्नाला नेलं. गाडी नसरापूरला पोचली नसेल, तोच सरांच्या बायकोचा, सौदामिनीवहिनींचा फोन आला. "गोरखभाऊ, त्याच्या हातात विळा देऊ नका. धुळीनं शिंका येतात त्याला. पाणी उकळूनच द्या. आणि मी फोन केला हे यांना सांगू नका." पाठोपाठ वाटेतूनच सरांचा फोन. "झगडू द्या हं त्याला. फक्त उन्हात नको. आणि हे सौदामिनीला कळता कामा नये."

सावलीत बसून, धूळ टाळून, विळा न धरता भात कापायचं. गोरखच्या बापजाद्यांनी अशी कापणी केली नव्हती. त्याची आई रतनबाई मात्र ठाम होती. "त्याला बाजेवर बशीव. पोराला कायी झालं, तर सर आपल्या पोरीला शिकिवतील व्हय?"

शौनक बाजेवर बसला. मंगल, म्हणजे गोरखची बायको, शेत सोडून त्याचं पाणी उकळू लागली. रतनबाई त्याला तूपभात भरवायचीच बाकी होती. पोरगं बिचारं चांगलं होतं. "काका, मी येऊ का शेतात?" असं रोज विचारायचं. "नगं नगं," गोरख घाबरून म्हणायचा, "तुमी हितंच झगडा."

शेतात आता गोरख एकटा. रत्नाचा विळा नाही, मंगलचा नाही. पिकलेलं भात जागेवर गळायला लागलं आणि तोरण्यावर ढग जमले. तरी पोरगी शिकतेय या विचारावर तो कापत राहिला. "चाललंय का गं?" तो फोनवर विचारायचा. "चाललंय," रत्ना म्हणायची. मागून भांड्यांचा खणखणाट ऐकू यायचा. मोठ्या घरात आवाज असायचाच, अशी गोरख आपली समजूत घालायचा.

मग सरांना फोटो हवा झाला. व्याख्यानात दाखवायला शौनकचा कापणी करतानाचा फोटो. गोरख त्याला शेतात घेऊन गेला. मंगलनं त्याच्यावर छत्री धरली, रतनबाई उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन उभी राहिली. बाजेवरून सुटका झाल्याच्या आनंदात शौनकनं विळा असा काही फिरवला की भाताआधी बोट कापलं. रक्त आलं ते चिमूटभर हळदीनं थांबेल एवढंच. पण मंगल छत्रीसकट बांधावर बसली, आणि गोरखनं भोरला फोन लावला. "काका, काही झालं नाही, मला कापू द्या ना," असं शौनक सांगत होता. पण त्याचं ऐकण्याची पद्धत दोन्हीपैकी कुठल्याच घरात नव्हती.

गाडी आली. वहिनी रडत उतरल्या, सर रागानं उतरले आणि त्यांच्या मागून फराळाचे डबे सांभाळत रत्ना उतरली. तिच्या बोटांची कातडी साबणानं सोलली होती आणि मनगटावर तळणाच्या तेलाचा लालभडक चट्टा होता. गोरखनं तिला बाजूला घेतलं.

"गणित कुठवर आलं?"

"माळा झाडून झाला, भांडी झाली, फराळ झाला. गणित न्हाई."

"सर शिकवत न्हाईत?"

"इचारलं की म्हनत्यात, तयार उत्तर देनार न्हाई, तुझं तू झगड. चकली मातर वहिनींनी हात धरून शिकिवली."

गोरखच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तरातरा सरांकडे गेला. सर शौनकच्या पट्टी बांधलेल्या बोटाकडे बघत हळहळत होते. "फोटोचं काय आता? रत्ना, इकडे ये. तू बस. मी फोटोत नुसते हात घेतो." मग गोरखच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "दिवाळी झाली की हिला रीतसर क्लासलाच घेतो, गोरखराव."

क्लासचं नाव ऐकलं आणि गोरख बाजूला झाला. रत्ना भातात बसली आणि तिनं विळा धरला.

वेल्ह्यातल्या व्याख्यानाला गोरख रत्नाला घेऊन पुढच्या रांगेत बसला. पडद्यावर ते दोन हात भिंतीएवढे झाले. "हे माझ्या मुलाचे हात," सर म्हणाले. त्यांचा आवाज कापरा झाला होता. "हा मनगटावरचा व्रण बघा. बाप म्हणून काळीज तुटलं. पण मी मदतीला धावलो नाही." बायांनी पदर डोळ्यांना लावले. सगळ्यांबरोबर गोरखनंही टाळ्या वाजवल्या. आपण कशाला वाजवतोय हे त्याला कळलं, तोवर वाजवून झाल्या होत्या.

आभाराच्या वेळी सरांना गुच्छ द्यायला कुणीतरी रत्नालाच वर बोलावलं. तिनं हात पुढे केले. मागे पडद्यावर तेच हात, तोच चट्टा. पुढच्या रांगेतल्या माना पडद्याकडून रत्नाकडे वळल्या. सरांनी एकदा मनगटाकडे बघितलं, एकदा पडद्याकडे.

"बघा!" ते म्हणाले. "कष्टानं सगळ्यांचे हात सारखेच होतात!"

मघापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. या वेळी गोरखचे हात मांडीवरच राहिले.

शनिवारी सरांचा फोन आला. "उद्यापासून रत्नाला क्लासला पाठवा. जरा सकाळी लवकरच पाठवा, सौदामिनीकडे पाहुणे आहेत."

"न्हाई सर," गोरख म्हणाला. "तयार मदत मिळाली की मानूस बिघडतं, तुमीच म्हनला. शौनकला घासू द्या भांडी. झगडू द्या तुमच्या घराला."

सरांना काही सुचायच्या आत त्यानं फोन ठेवला. त्याला इतकं बरं वाटलं की तो एकटाच हसला. बातमी सांगायला म्हणून तो खळ्याकडे गेला. रत्ना पेंढ्यावर बसली होती, मांडीवर गणिताचं पुस्तक उघडं होतं. तिला बघून त्याचं हसू मावळलं. तो तिच्याशेजारी बसला.

"जमतंय का गं?"

"न्हाई. हितं काय केलंय तेच कळंना."

गोरखनं पुस्तक हातात घेतलं. बराच वेळ त्या पानाकडे बघितलं. त्यातलं एकही अक्षर त्याच्या डोक्यात शिरलं नाही. त्यानं पुस्तक परत तिच्या मांडीवर ठेवलं.

"बघ आनकी एकदा," तो म्हणाला. "तुझं तू बघ."

आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याला पोरीकडे बघवेना. रत्नानं पान उलटलं.