बोटाचा थ्रॉटल

लिंबाच्या लोणच्याची बरणी सौमित्रने दोनदा फिरवून पाहिली, एकदा टॉवेलमध्ये धरून पाहिली आणि मग ऋजुतापुढे सरकवली. ऋजुताने ती एका झटक्यात उघडली. लग्न झाले तेव्हा हे काम त्याच्याकडे होते.

"आज पण अंगठा?" तिने विचारले.

"आज पण काय, रोजच," सौमित्र म्हणाला आणि अंगठा न लावता पोळीचा तुकडा मोडता येतो का ते पाहू लागला. येत नव्हता.

सौमित्र ग्रोनिंगन ह्या डच शहरात राहून बर्फावर संशोधन करत होता. ग्रोनिंगनमध्ये बर्फ जवळजवळ नसतोच. तिथे पाऊस असतो आणि तोही आडवा. बर्फ होता पार उत्तरेला, स्पिट्सबर्गन बेटावर. दर वसंतात त्यांच्या गटातली चार माणसे चार स्नोमोबाइल घेऊन तिथे जात, खड्डे खणून बर्फाचे थर मोजत आणि नाकाची सालटी काढून परत येत. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटारसायकलच म्हणायची, पण तिची मूठ पिळता येत नाही. उजव्या मुठीशी वेग देणारी एक चपटी पट्टी असते, तोच तिचा थ्रॉटल, ती अंगठ्याने दाबायची. सोडली की गाडी थांबली. दिवसभर जायचे असेल तर दिवसभर दाबून ठेवायची. गेल्या वसंतात सौमित्रने ती इतकी दाबली की परत आल्यावर अंगठ्याने कामावर यायचेच बंद केले.

"आनेकेबाईंना सांगून टाक ना सरळ," ऋजुता म्हणाली. आनेके म्हणजे त्या मोहिमेच्या प्रमुख. तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना नुसते आनेके म्हणत. ह्या दोघांनी घरापुरते 'बाई' जोडून मनाचे समाधान करून घेतले होते.

"सांगितलं की संपलं. चार गाड्या, चार ड्रायव्हर. ज्याला चालवता येत नाही त्यानं इथे बसून आकडे भरायचे. माझ्या जागी तो अंबरीश जाईल."

"कोण, तो पुण्याहून नवीन आलेला?"

"तोच. आयुष्यभर गेम खेळलाय. त्याचे अंगठे बघ एकदा, पहिलवान आहेत नुसते."

अंबरीश मुलगा चांगला होता, पण प्रश्न चांगुलपणाचा नव्हता. सौमित्रच्या साऱ्या संशोधनाचे शेवटचे मोजमाप ह्याच वसंतात व्हायचे होते. ते अंबरीशने केले तर निबंधावर पहिले नाव कोणाचे लागेल, ह्या विचाराने त्याला धड झोप लागत नव्हती आणि झोप न झाल्याने धड विचारही करता येत नव्हता. त्याला फार वाईट वाटत होते. इतकी वर्षे थंडीत खड्डे खणून शेवटी आपण एका अंगठ्यापुढे हरणार, हे त्याला पटत नव्हते.

अशा अवस्थेत माणूस जे करतो तेच त्याने केले. तो नेटवर गेला. तिथे कॅनडातल्या एका दाढीवाल्या माणसाने उपाय सांगितला. अंगठ्याचा थ्रॉटल सोडवायचा, फिरवून मुठीच्या पुढच्या बाजूला बसवायचा आणि सायकलचा ब्रेक ओढतात तसा बोटांनी ओढायचा.

"बोटं ठीक आहेत ना पण?" ऋजुताने विचारले.

"अजून तरी आहेत. आणि बाहेरून फारसं दिसतही नाही कोणाला. हार्मला सांगतो, तो गुपचूप करून देईल."

हार्म त्यांच्या वर्कशॉपचा माणूस. निवृत्तीला आलेला, उंच, आणि बोलण्याच्या बाबतीत इतका काटकसरी की त्याने 'गुड मॉर्निंग'मधले 'गुड' केव्हाच सोडून दिले होते. सौमित्रशी मात्र तो डचमध्येच बोलत असे. एवढी वर्षे इथे काढलीस, आता इंग्रजी पुरे, असे त्याने एकदा बजावले होते. सौमित्रलाही ते पटले होते, आणि म्हणून तो संध्याकाळच्या डच वर्गाला जात होता. दिवसभर काम करून, सायकलवर भिजून, बाकावर बसून क्रियापदे चालवायची आणि घरी येऊन जेवताना पेंगायचे, असा त्याचा क्रम होता.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्याने तिथल्याच व्हरांड्यातून हार्मला फोन लावला. थ्रॉटल हा शब्द त्याने टाळला. दांडीला डचमध्ये 'हेंडल' म्हणतात, तो सोपा होता. अंगठ्याला 'डाउम', तोही आला.

"हार्म, माझ्या गाडीवर डाउम-हेंडल नको."

"नको?"

"नको. मला पाहिजे..." आणि इथे सौमित्र अडला. बोटाला डचमध्ये काय म्हणतात? डोक्यात लगेच 'फिंगर' आले. पण ते तर इंग्रजी. इंग्रजी शब्द डच म्हणून खपवतोस, असे शिक्षिकेने नुकतेच चारचौघांत सुनावले होते. डचमध्येही बोटाला जवळजवळ तेच म्हणतात, हे त्याला माहीत होते, पण दमलेल्या डोक्याने ते नाकारले. त्याने डोळे मिटले, खरा, अस्सल डच शब्द आठवू लागला, आणि तो शब्द अगदी अलगद जिभेवर आला.

"बोट," तो म्हणाला. "बोट-हेंडल."

"बोट?" हार्मने विचारले.

"हो, बोट," सौमित्र ठासून म्हणाला. शब्द बरोबर असल्याची खात्री त्याला अशी क्वचितच वाटे.

खात्री वाटणारच, कारण बोट हा शब्द डचमध्ये खरोखरच आहे. उच्चारही हाच. फक्त तिकडे त्याचा अर्थ होडी. हार्म जरा वेळ गप्प राहिला, पण तो एरवीही गप्पच असे, त्यामुळे सौमित्रला काही वेगळे वाटले नाही.

"कोम्त खुत," हार्म शेवटी म्हणाला. म्हणजे होऊन जाईल. तिथे छप्पर गळण्यापासून लग्न मोडण्यापर्यंत सगळ्याला हेच म्हणतात.

आठवडाभरात हार्मचा निरोप आला. 'बोट-हेंडल बसवलं.' सौमित्रने तो वाचला आणि बऱ्याच दिवसांनी त्याला जेवण गोड लागले.

"हार्मनं बोटाचा थ्रॉटल बसवला," त्याने ऋजुताला सांगितले. ऋजुताचे डच त्याच्यापेक्षा कितीतरी चांगले होते. तिने तो निरोप वाचला असता तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण तिला ही बातमी मराठीत मिळाली आणि मराठीत तिच्यात काहीच चूक नव्हती.

तेवढ्यात आनेकेबाईंनी फर्मान काढले. गाड्या खोक्यांत भरून जहाजावर चढवण्याआधी शनिवारी प्रत्येकाने आपापली गाडी वर्कशॉपमागच्या ओल्या गवतावर त्यांच्यासमोर चालवून दाखवायची. बाई यायच्या आत नव्या थ्रॉटलवर हात बसवावा, म्हणून सौमित्र ऋजुताला घेऊन सकाळीच तिथे पोहोचला.

हार्मने गाडी बाहेर काढूनच ठेवली होती. अंगठ्याची पट्टी गेली होती. तिच्या जागी, उजव्या मुठीच्या वर, पितळी बैठकीवर एक भरभक्कम दांडा उभा होता आणि त्याच्या टोकाला लाल गोळा होता.

"हे काय आहे?" सौमित्रने मराठीतच विचारले.

"बोट-हेंडल," हार्म म्हणाला. मग जन्मात बोलला नसेल इतके बोलला. "माझ्या स्वतःच्या बोटीचं आहे. दुकानात मिळतात ती प्लास्टिकची असतात. म्हणून माझंच काढलं. बोटीत दांडा जिथे ठेवाल तिथे राहतो, ते बर्फावर धोक्याचं. म्हणून आत स्प्रिंग घातली. हात काढला की परत मागे. तळव्यानं पुढे ढकलायचं."

ऋजुताने एकदा दांड्याकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे.

"तू ह्यांना काय सांगितलं होतंस?"

"बोटाचा पाहिजे म्हणून."

"डचमध्ये?"

"डचमध्ये," सौमित्र म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला उलगडा झाला. तो गाडीच्या बैठकीवर बसला.

"अरे, हा बोटाचा नाहीये. हा बोटीचा आहे," ऋजुता म्हणाली. हसू आवरायला तिने खोकल्याचा आधार घेतला होता. "सांगू का हार्मकाकांना?"

"नको. त्यांनी स्वतःची बोट मोडलीये माझ्यासाठी. काय तोंडानं सांगणार?"

हार्म दाराशी उभा राहून वाट पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर चक्क उत्सुकता होती. आता गाडी चालवून दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हते. सौमित्रने किल्ली फिरवली, आधी ठरवून आल्याप्रमाणे दांड्याला बोटे गुंडाळली आणि तो मागे ओढला. काही झाले नाही. जोरात ओढला, तरी नाही.

"पुढे," हार्म म्हणाला.

सौमित्रने सगळे वजन टाकून दांडा पुढे ढकलला आणि गाडी निघाली. गवत ओले होते आणि स्नोमोबाइलला ओले गवत फार आवडते. दांडा सोडला की ती थांबते, हे त्याला माहीत होते. पण घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट धरतो. कुंपणाच्या आत, गवत संपते तिथे एक पाण्याचा चर होता. गाडीचे पुढचे दोन्ही पाय, म्हणजे स्की, चरावर अधांतरी गेले तेव्हा कुठे त्याचा हात सुटला. गाडी थांबली आणि हळूच नाक खाली करून पाण्याकडे पाहू लागली.

त्याच वेळी आनेकेबाई सायकलवरून फाटकात शिरल्या.

त्यांनी सायकलला कुलूप लावले, रेनकोट झटकला आणि सावकाश चालत चरापाशी आल्या. हार्म आणि ऋजुता गाडी मागे ओढत होते. सौमित्र बाजूला उभा राहून मनातल्या मनात कबुलीजबाब जुळवत होता, डचमध्ये नव्हे, इंग्रजीत.

"हा दांडा कोणाची कल्पना?" बाईंनी विचारले.

हार्मने सौमित्रकडे बोट दाखवले.

बाई गाडीवर बसल्या. त्यांनी तळवा लाल गोळ्यावर टेकवला आणि हलकेच ढकलला. गाडी शहाण्यासारखी चालू लागली. त्यांनी गवताला एक फेरी मारली, मग दुसरी. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की हार्मनेही टोपी काढली.

"सौमित्र, खरं सांगते," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "दोन हिवाळे झाले, माझा अंगठा कामातून गेलाय. कोणाला बोलले नाही. ह्या वर्षी मीच मागे राहणार होते. आता ही गाडी मी घेते. तू माझी घे. ती नवी आहे, पट्टी जरा कडक आहे, पण तू तरुण आहेस."

सौमित्रने तोंड उघडले. बोलायला ह्याहून चांगली वेळ येणार नव्हती. "आनेके, खरं म्हणजे माझा पण..."

"एका मोहिमेत एक वाईट अंगठा चालतो," बाई आपल्याच आनंदात होत्या. "दोन असते तर मी कोणालाच नेलं नसतं. तुझा पण काय?"

"माझा पण हाच विचार होता," सौमित्र म्हणाला. "तुम्हीच घ्या."

बाई पुन्हा गाडीवर बसून निघाल्या. ऋजुताने कपाळाला हात लावला. सौमित्र हार्मजवळ गेला, उजव्या हाताची चार बोटे त्याच्या नाकासमोर धरली आणि ऋजुताकडून शब्द तपासून घेऊन विचारले, "ह्यांनी ओढायचं हेंडल करता येतं का?"

"फिंगर-हेंडल?" हार्म म्हणाला. "नुसतं फिरवायचं असतं. पाच मिनिटांचं काम. तसं सांगायचंस ना." मग त्याने पान्हा उचलला, आनेकेबाईंच्या नव्या गाडीकडे पाहिले आणि पान्हा परत खाली ठेवला. "पण ही गाडी तिची आहे. हात लावण्याआधी तिला विचार. का हवंय ते सांग."

पलीकडे गवतावर बाई तिसऱ्या फेरीला लागल्या होत्या. वळणावर दांडा सोडून त्यांनी उजव्या हाताचा अंगठा सौमित्रला दाखवला, तो बिचारा धड सरळ होत नव्हता. सौमित्रनेही अंगठा वर केला, जितका जात होता तितका. लांबून त्यांना तो ठीकच दिसला असावा.