क्लबातली रिकामी खुर्ची

परंपरावाद म्हणजे काय, हे आपल्याइतकं अख्ख्या यॉर्कशरमध्ये कुणाला कळत नाही, याबद्दल डेस्मंड फ्रॉगटच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. रविवारी चर्च सुटल्यावर गावच्या परंपरावादी क्लबात याच विषयावर भाषण ठोकायचं आणि नगरपालिकेची उमेदवारी खिशात घालून बाहेर पडायचं, असा बेत!

"तिथे नवीन काही करू नकोस म्हणजे झालं," मॉडआत्यानं बजावलं.

"आत्या, मी परंपरावादी आहे! नवीन काय करणार?"

क्लबात पोचताच तो शेकोटीजवळच्या हिरव्या खुर्चीत टेकला.

खोली थिजली. मिसेस पेंडलबरींचा चहाचा कप ओठांपाशी येऊन अडकला. भिंतीवरच्या तसबिरींतले दिवंगत अध्यक्षसुद्धा जरा पुढे वाकल्यासारखे वाटले!

"त्या खुर्चीत कुणी बसत नाही," पाद्रीबुवा कुजबुजले.

"का?"

"तसं कुणी विचारलं नाही अजून."

डेस्मंड उठू लागला, तोच अध्यक्ष कर्नल होल्रॉइड गरजले, "खबरदार! त्या खुर्चीतून आजवर कुणी उठलेलं नाही!"

"पण कर्नलसाहेब, कुणी बसलेलंच नाही ना!"

"ते काहीही असो. प्रथा ती प्रथा!"

"उठवा त्याला," मिसेस पेंडलबरी कडाडल्या. "परंपरावाद म्हणजे पूर्वी होतं तसं करणं!"

"साफ चूक!" कर्नल उसळले. "परंपरावाद म्हणजे आहे ते तसंच राहू देणं. बसलाय, बसू दे!"

"म्हणजे घरात चोर शिरला तर त्यालाही राहू द्याल?"

"शिरून किती वर्षं झालीत, त्यावर आहे!"

क्लबात उभी फूट पडली. त्यात पाद्रीबुवांना आठवलं, की भाषण उभं राहूनच करायचं असतं! डेस्मंड अधांतरी ओणवा, ना धड उठलेला ना बसलेला. पण मनातून तो थक्क झाला होता. ज्या विचारावर त्यानं ढीगभर पुस्तकं वाचली, तो इथे जिवंत होता आणि मानगूट धरून त्याला खुर्चीत दाबत होता!

एवढ्यात दार उघडून मॉडआत्या आत आली. "ऊठ रे! मटण गार होतंय."

डेस्मंड सवयीनं ताडकन उठला.



"बाईसाहेब," कर्नलांचा आवाज कापरा झाला, "कुठल्या नियमानं उठवलंत याला?"

"नियम कसला मेला! रविवारी आमच्याकडे एकाच्या ठोक्याला जेवतात."

"कधीपासून?"

"माझ्या पणजीपासून."

पणजी! खुर्ची तर कर्नलांच्या वडिलांनी आणलेली. मिसेस पेंडलबरींनी डोळ्यांना रुमाल लावला. "याहून जुनं या खोलीत काही नाही," कर्नल पुटपुटले. "उमेदवार याच!"

"मला नाही वेळ असल्या उद्योगांना!"

"वा! नकारसुद्धा काय जुन्या वळणाचा! आता अनुमोदक हवा. आपल्या रीतीप्रमाणे, ज्याचं अनुमोदन असेल त्यानं उभं राहावं."

अख्खा क्लब भारावून आपापल्या खुर्चीत खिळला होता. आत्या स्वतःच उमेदवार. उभा असा उरला एकटा डेस्मंड! पटकन बसून टाकावं म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं.

मागे खुर्ची एकच होती.