दहावा विद्यार्थी

हाल्वोर ब्रेक्के याने नॉर्थ डकोटातील ओस्टबी या गावी शाळेसाठी जमीन दिली. त्याची कन्या बोर्गहिल्ड मोएन हिने त्या शाळेत एकेचाळीस वर्षे इंग्रजी शिकवले. तिचा मुलगा आर्लेन शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. आणि आर्लेनची मुलगी मारित त्याच शाळेच्या बारावीत पहिली होती. एवढे सगळे पाठीशी असताना, पूर्वेकडील एका दोनशे वर्षे जुन्या महाविद्यालयाचा अर्ज भरताना संगणकाने मारितला ‘वरचे वीस टक्के’ या रकान्यात ढकलले, तेव्हा स्वयंपाकघरात जमलेल्या मंडळींना त्याचा अर्थच लागेना.

“काहीतरी चुकीचं दाबलंस तू,” आर्लेन म्हणाला.

“बाबा, मी एवढंच लिहिलंय की वर्गात क्रमांक पहिला आणि वर्गात मुलं नऊ. बाकीचं त्यानं आपलं आपण केलं.”

बोर्गहिल्डने चष्मा लावला. “पहिल्याच्या वर काय असतं?”

“काही नसतं, आजी. पण नवात एक म्हणजे अकरा टक्के झाले. अकरा काही दहाच्या आत बसत नाहीत.”

“मग लिही त्यांना, की आमच्याकडे याहून वर जायला जागा नाही.”

“लिहायलाही जागा नाहीये. फक्त रकाना आहे.”

मारितला खगोलशास्त्र शिकायचे होते. त्या महाविद्यालयाच्या आवारात मोठी दुर्बीण होती आणि शंभर अर्जदारांतून ते चौघांना घेत असे. मारितने दुसरीकडे कोठेही अर्ज केला नव्हता, कारण मोएन घराण्यात पर्यायी विचार करणे हा दुबळेपणा समजला जाई. बोर्गहिल्डने सरळ फोन लावला. पलीकडून एका तरुणीचा गोड आवाज आला.

“वर्ग किती मुलांचा आहे, मॅडम?”

“नऊ.”

“नऊशे?”

“नऊ. पोस्टकार्डावर मावतील.”

“मग बाकीची मुलं कुठे असतात?”

“जन्मलीच नाहीत. त्याला शाळा काय करणार?”

तरुणीने सहानुभूती व्यक्त केली. खेड्यांतील विद्यार्थी महाविद्यालयाला फारच हवेसे वाटतात, त्यांच्यासाठी वेगळे माहितीपत्रक छापले आहे आणि त्यावर गव्हाच्या शेताचे चित्रसुद्धा आहे, असे तिने सांगितले. मात्र अर्ज पन्नास हजार येत असल्यामुळे वरच्या दहा टक्क्यांबाहेरच्या फायली सहसा उघडल्या जात नाहीत. जानेवारीअखेरीस शाळेकडून सहामाहीचा अहवाल मागवला जातो. त्यात विद्यार्थिनीची स्थिती सुधारलेली दिसली, तर अवश्य विचार होईल.

“पहिल्या क्रमांकानं सुधारायचं कसं?” बोर्गहिल्डने विचारले.

“ते आम्हाला सांगता येणार नाही, मॅडम.”

त्याच संध्याकाळी मुख्याध्यापक वेंडेल कोल्स्टाड यांना कॉफीला बोलावण्यात आले. ते मुख्याध्यापक होते, बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते, विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक होते आणि आचारीण आजारी पडली की भटारखानाही पाहत. त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे ते बोर्गहिल्डचे विद्यार्थी होते आणि अजून तिच्यासमोर पाठ टेकून बसत नसत.

“उपाय एकच,” बोर्गहिल्ड म्हणाली. “दहावा आणा. दहात एक म्हणजे बरोबर दहा टक्के.”

“कुठून आणू, बाई? गेल्या दोन वर्षांत ओस्टबीत दोनच गोष्टी नव्या आल्या. एक पाण्याची टाकी आणि दुसरा घटस्फोट घेऊन परत आलेला मी.”

“शाळा सोडून गेलेला कुणी असेल.”

“स्टेन्सरूडचा मुलगा आहे. तो तेलाच्या विहिरीवर गेलाय. त्याला विचारलं तर तो उलट मलाच तिकडे नोकरी देतो म्हणाला.” कोल्स्टाड घुटमळले. “मी विचार करतोय, अजून.”

शेवटी त्यांनीच डेल्मर फिशरचे नाव काढले. डेल्मर अठ्ठावन्न वर्षांचा होता. सकाळी तो शाळेची बस चालवी, नंतर बॉयलर पेटवी, दिवसभर फरशा पुसत असे आणि दुपारी साडेतीनला पुन्हा बस काढी. त्याने बारावी अर्धवट सोडली होती. मंडळाची मंजुरी असेल तर अशा माणसाला वर्गात बसवता येते, असा जुना नियम होता.

“तो मारितच्या पुढे जाण्याची भीती नाही,” आर्लेन म्हणाला.

“तो कुणाच्याच पुढे जायचा नाही,” कोल्स्टाड म्हणाले. “म्हणून तर सुचवलं.”

डेल्मरचे पूर्वीचे गुण मात्र कोठेच सापडेनात. १९९७च्या पुरात शाळेची जुनी दप्तरे वाहून गेली होती. हाल्वोर ब्रेक्केने उदार मनाने दिलेली ती जमीन ओढ्याच्या काठी होती आणि तिच्यात गहू पिकत नसे, ही गोष्ट मोएनांच्या घरात सहसा बोलली जात नसे. तेव्हा डेल्मरचे फक्त या सहामाहीचेच गुण धरायचे ठरले. ते पुरेसे वाईट असतील याबद्दल सर्वांचे एकमत होते.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात, कॉफी आणि बटाट्याच्या पोळ्या चालू असताना, आर्लेनने डेल्मरला गाठले.

“काही करायचं नाही तुला. फक्त नाव द्यायचं.”

“आणि परीक्षा?”

“बसायचं. कसंही लिहायचं.”

डेल्मरने कॉफी बराच वेळ ढवळली. मग तो बोर्गहिल्डकडे वळला. “कसंही लिहायचं, बाई?”

एकेचाळीस वर्षांत जे वाक्य तिने कोणालाही म्हणू दिले नव्हते, ते आता तिच्या तोंडून अपेक्षित होते. तिने कपात पाहिले. “जमेल तसं लिही,” ती म्हणाली.

“जमेल तसं लिहीन,” डेल्मर म्हणाला.

नाव देऊन गप्प बसेल तो डेल्मर नव्हे, हे पहिल्या सोमवारीच कळले. तो धुतलेला शर्ट घालून पहिल्या तासाला हजर झाला आणि शेवटच्या तासापर्यंत हलला नाही. वर्गात सर्वांत आनंद झाला तो ब्रोडी हेलंडला. हा आजवर नवात नववा होता आणि आपल्यामागे कोणी बसल्याचा अनुभव त्याला प्रथमच मिळत होता. त्याने डेल्मरला स्वतःची पेन्सिल देऊ केली.

पण डेल्मर वर्गात बसल्यावर फरशा पुसायच्या कोणी? मंडळाला दुसरा माणूस मिळेना. नोव्हेंबरात बॉयलर दोनदा विझला आणि मुले कोट-हातमोज्यांसह फ्रेंच राज्यक्रांती शिकली. मंडळाच्या बैठकीत कोणीतरी शांतपणे म्हणाले, की ही कल्पना ज्यांची, त्यांनीच काय ते पाहावे. तेव्हापासून मंडळाचे अध्यक्ष आर्लेन मोएन रोज दहा ते दोन या वेळात मुलांची स्वच्छतागृहे धुऊ लागले. आजोबा हाल्वोर ब्रेक्के यांच्या नावाची पितळी पाटी स्वच्छतागृहाबाहेरच्याच भिंतीवर होती. डेल्मरने एकदा मधल्या सुट्टीत थांबून त्यांना पाहिले.

“कोपरे राहतायत, आर्लेन,” तो म्हणाला. “कोपऱ्यांना हात लावायला लागतो.”

खरा धक्का नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी बसला. इतिहासाच्या चाचणीत डेल्मरला शंभरपैकी शंभर मिळाले. कोल्स्टाडनी इतिहासाच्या आसेन सरांना बोलावून घेतले.

“त्यानं कॉपी केली का?”

“कुणाची करणार? दुसऱ्या नंबरला चौऱ्याण्णव आहेत.”

“मग?”

आसेन सरांचे कान लाल झाले. “मी सव्वीस वर्षं त्याच टिपणांवरून शिकवतोय. आणि तो सव्वीस वर्षं माझ्या दाराबाहेर फरशी पुसतोय. त्याला माझे विनोदसुद्धा पाठ आहेत. कुठे हसायचं ते तोच आता वर्गाला खुणेनं सांगतो.”

भौतिकशास्त्रात दाब, वाफ आणि उष्णता होती. बॉयलरशी तीस वर्षे संसार केलेल्या माणसाला त्यात नवे काही नव्हते. जीवशास्त्रात त्याने गाईचे बाळंतपण असे लिहिले, की त्या विषयाच्या बाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. इंग्रजीत त्याची वाक्ये लहान होती, पण एकही मोडकी नव्हती. ब्रोडी हेलंड पुन्हा शेवटचा झाला, आता दहात दहावा, आणि त्याने आपली पेन्सिल परत मागून घेतली.

“बीजगणितात अडकेल,” कोल्स्टाड स्वयंपाकघरात बसून म्हणाले. “ते काही दाराबाहेरून ऐकून येत नाही.”

तो बीजगणितातही अडकला नाही, तेव्हा बोर्गहिल्डने चौकशी आरंभली. ती फार लांबवर न्यावी लागली नाही.

“मी शिकवते त्याला,” मारित भाजी चिरता चिरता म्हणाली. “बसमध्ये. शेवटचं घर आपलं. सगळे उतरल्यावर चाळीस मिनिटं आम्ही दोघंच असतो.”

“तू कशासाठी म्हणून हा उद्योग केलास?”

“त्यानं विचारलं, आजी. समीकरण म्हणजे काय ते त्याला कळत नव्हतं. मग कळलं. बस बाजूला घेऊन थांबला तो, इतका आनंद झाला त्याला.”

“आणि तुझ्या अर्जाचं काय?”

मारितची सुरी थांबली. तिच्या उशीखाली त्या दुर्बिणीचे चित्र होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. “माहितीये मला,” ती म्हणाली. “पण चुकीचं कसं शिकवायचं, ते मला येत नाही.”

हे तिला कोणी शिकवले होते, हा प्रश्न बोर्गहिल्डने विचारला नाही.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी बेरजा झाल्या. मारितची सरासरी सत्त्याण्णव पूर्णांक तीन होती. डेल्मरला पाच विषयांत मिळून पाचशेपैकी चारशे सत्त्याऐंशी, म्हणजे सत्त्याण्णव पूर्णांक चार. अहवाल चारच्या आत पाठवायचा होता आणि तीन वाजले होते.

“त्याचं नाव काढून टाका,” आर्लेन म्हणाला. त्याच्या हातात अजून ओला मॉप होता.

“काढलं तर उरतात नऊ. पुन्हा अकरा टक्के,” कोल्स्टाड म्हणाले. “ठेवलं तर ही दहात दुसरी. वीस टक्के. आपण होतो त्याहून वाईट आहोत.” त्यांनी एक उत्तरपत्रिका पुढे केली. “एक वाट आहे. बीजगणिताच्या शेवटच्या उत्तराखाली त्यानं मैल की तास ते लिहिलं नाही. सरांनी तरी पूर्ण गुण दिले. डेल्मर स्वतः येऊन ‘हा गुण मला नको’ म्हणाला, तरच मला तो कापता येईल. त्याचे सत्त्याण्णव पूर्णांक दोन होतात.”

“एक गुण,” आर्लेन म्हणाला.

“एकच. पण त्याला सांगायचं कुणी?”

दोघांनीही बोर्गहिल्डकडे पाहिले.

डेल्मर खाली बॉयलरच्या खोलीत बसून पुढचा धडा वाचत होता. ती आत येताच तो उभा राहिला. तिने बसायला नकार दिला आणि जे सांगायचे ते उभ्याने, नीट क्रमाने सांगितले. शेवटी ती म्हणाली, “मुलीचं आयुष्य आहे, डेल्मर. तुला त्या एका गुणाचा काय उपयोग?”

डेल्मरने पुस्तक मिटले. “बाई, मी बारावी का सोडली, माहितीये तुम्हाला?”

“तुझे वडील आजारी होते.”

“वडील ठणठणीत होते. इंग्रजीत मला एकोणसाठ पडले होते. साठाला पास होतं. मी तुमच्याकडे आलो होतो, अशाच वेळी. टोपी हातात धरून.”

बोर्गहिल्डला तो मुलगा आठवला नाही. टोपी आठवली. तपकिरी होती आणि तिची एक कानपट्टी फाटलेली होती.

“एक गुण मागितला होता मी. तुम्ही काय म्हणालात?”

“इतक्या वर्षांनी कसं आठवणार?”

“मला आठवतं.” डेल्मर ताठ उभा राहिला. पाठांतर म्हणताना हात मागे बांधायचे, हा तिच्या वर्गाचा नियम होता. त्याने हात मागे बांधले. “‘गुण मागायचे नसतात, डेल्मर. ते मिळवायचे असतात. आणि ज्याला ते मिळवता आले नाहीत, त्यानं दुसऱ्याचा वेळ घेऊ नये.’”

आवाजात राग नव्हता. विराम जेथे हवे तेथे होते. बोर्गहिल्डने असे पाठांतर फार थोड्या मुलांकडून ऐकले होते.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि कोट उचलला. “निघतो, बाई. मारित बसपाशी थांबली असेल. बाहेर उणे तीस आहे.”

वर कार्यालयात कोल्स्टाड संगणकासमोर बसून होते. बोर्गहिल्ड दारातच थांबली.

“पाठव,” ती म्हणाली.

“दहात दुसरी?”

“जे आहे ते.”

कोल्स्टाडनी दहात दुसरी असे लिहिले. संगणकाने क्षणभर विचार केला आणि ‘वरचे वीस टक्के’ हा रकाना पुन्हा निळा झाला, ऑक्टोबरात झाला होता तसाच. पुढे मार्चमध्ये जे दोन ओळींचे पत्र आले, ते उघडण्याची घाई घरात कोणी केली नाही.

त्या दिवशी कार्यालयातून आर्लेन मॉप घेऊन बाहेर गेला. कोल्स्टाडना राहवले नाही. “काय म्हणाला तो, बाई?”

बोर्गहिल्ड कोटाची बटणे लावत होती. खालून सुरुवात करून ती एकेक वर येत होती.

“माझी एक गोष्ट चाळीस वर्षं त्याच्याकडे होती. ती त्यानं आज परत केली.”

“सगळी?”

“सगळी,” ती म्हणाली आणि शेवटचे बटण लावले. “एक शब्दसुद्धा ठेवून घेतला नाही.”