श्वास सांगून मोजायचा नाय

हिराबाईंनी तुमचं मनगट धरलं की त्या नाडी बघताहेत असं समजू नका. नाडीशी त्यांना काही देणंघेणं नसे. त्या तुमचे श्वास मोजत.

नर्सच्या परीक्षेच्या पुस्तकात तसा नियमच होता. श्वास मोजतोय हे रोग्याला कळलं की त्याचा श्वास बदलतो, म्हणून नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर हळूच छातीवर ठेवायची. "श्वास सांगून मोजायचा नाय," हे हिराबाईंचं पालुपद. अडचण एवढीच, की त्यांच्या पोटात काही राहत नसे. नियम शिकल्या त्याच संध्याकाळी त्यांनी तो अख्ख्या गल्लीला सांगून टाकला होता. त्यामुळे त्यांनी हात धरला की कोथिंबीरवाली पैलवानासारखी छाती फुगवी, आणि शेजारचे करीमचाचा शिंपी डोळे मिटून श्वासच रोखून धरत.

"लिहून घ्या हिराबाई, चाचाचा इंतकाल झाला."

"चाचा, मस्करी नाय! पयल्यापासून मोजते. हात द्या."

आणि खरंच पहिल्यापासून मोजत. चाचांचं गिऱ्हाईक बिचारं अर्ध्या मापात उभं.

पनवेलला वडाळे तळ्याच्या मागच्या आमच्या गल्लीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. मी शाळेत मास्तरीण, घरात मी आणि दम्याची आई, दोघीच. हिराबाई मूळच्या गव्हाण गावच्या. नवरा मिठागरावर होता, तो वारला. मूलबाळ नाही. पनवेलातल्याच एका दवाखान्यात त्या आया होत्या. लादी पुसायची, सुया उकळायच्या, भांडी रिकामी करायची. वय चाळिशीच्या आसपास. पण सातवीची फायनल पास होत्या, आणि दवाखान्यातल्या बाईला परीक्षा देऊन नर्स होता येतं असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं. झालं. परीक्षा द्यायच्या आधीच त्यांनी पांढरं पातळ आणून ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलं. पास झाल्याशिवाय नेसायचं नाही. आयाच्या रोजच्या हिरव्या लुगड्यावर नर्सचं घड्याळ मात्र उलटं टाचून त्या गावभर हिंडत. समोरच्याने त्यात वेळ बघितली, तर त्याची एस.टी. चुकलीच म्हणून समजा.

अभ्यास मी घेत असे. म्हणजे पुस्तक माझ्या हातात आणि हिराबाई चुलीपाशी. त्यांना सगळं पाठ होतं, पण पुस्तकी भाषेतच. तांदूळ धुता धुता एका दमात म्हणत, "धाप लागलेल्या रोग्यास उशांच्या आधाराने बसते करावे, खिडक्या उघडाव्या, कपडे सैल करावे!" आणि पुढच्याच श्वासात, "बाई, मीठ हाय का थोडं?" बाजारात बांगडा उलटापालटा करून कोळणीला म्हणाल्या होत्या, "ओठ निळसर पडले आहेत. प्राणवायूची कमतरता." कोळणीने त्यांना तिथे जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

सरावासाठी रोगी घरचाच होता. माझी आई. तिला उशांवर बसवायचं, पुन्हा झोपवायचं, पुन्हा बसवायचं. आई कुरकुरायची, "हिरे, तुझ्या परीक्षेने मला दम लागतो गं." पण हिराबाईंना यायला उशीर झाला, की दाराकडे बघत बसायची तीच.

आणि एवढं करून हिराबाई दर वर्षी नापास होत. लेखी पास, तोंडी पास, आणि प्रात्यक्षिकात घोडं पेंड खाई. तेही नेमकं एकाच जागी. ठाण्याच्या बाजूला एका इस्पितळात परीक्षा असे. खाटेवर रोगी, परीक्षक समोर. धाप वाढतेय, तुम्ही एकट्या आहात, काय कराल? हिराबाई रोग्याला बसतं करत, खिडकी उघडत, मनगट धरत. सगळं पुस्तकाबरहुकूम. मग परीक्षक विचारत, "पुढे?" पुढे उठून डॉक्टरांना बोलवायचं आणि प्राणवायूचं नळकांडं आणायचं. हिराबाई उठतच नसत.

"पुढं काय नाय," त्या म्हणत. "आमी हितंच."

मला भयंकर राग यायचा. वर्षभर मी ओरडून ओरडून घसा कोरडा करायचा, आणि या बाईने तिथे जाऊन खाटेला चिकटून बसायचं! एकदा मी फटकळपणे म्हटलं, "अहो, उत्तर पाठ आहे ना तुम्हाला? मग उठायला काय होतं?"

त्या मासळी साफ करत होत्या. हात थांबला नाही.

"तोंडाला पाठ हाय, बाई. पाय उठत नाय." मग खाली बघतच म्हणाल्या, "ह्यांना अशीच धाप लागली होती. मी उठली. गव्हाणावरनं हितं पनवेलला डॉक्टर आणायला आली. डॉक्टर घेऊन परत गेली तर त्वांडावर कापड घातलेला. सासू बोलली, तुलाच हाका मारत होता."

मी पुस्तक मिटलं.

त्या साली परीक्षा तोंडावर आली आणि आईचा दमा बळावला. रविवारची दुपार होती. आई उठून बसली ती तिला श्वासच घेता येईना. मी भिंतीवर थाप मारली, हिराबाई धावत आल्या. उशा लावल्या, खिडकी उघडली, चोळीची गाठ सोडली, मनगट धरलं. घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी चपला शोधायला लागले. डॉक्टरांकडे मीच जाणार हे ठरलेलंच होतं. हिराबाई काही उठणार नाहीत.

"तू नाय," त्या म्हणाल्या. मला त्यांनी आजवर कधी 'तू' म्हटलं नव्हतं. "तू हितं बस, पोरी. हात धर. असा. आन् सोडू नको."

आईचं मनगट त्यांनी माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि अनवाणी पळत सुटल्या.

आईने डोळे उघडले. दाराकडे बघितलं.

"हिरा गेली?"

"हो गं. डॉक्टरांना आणायला."

"उठली म्हणायची," आई म्हणाली. मधे दोनदा थांबावं लागलं तिला. "मग यंदा पास होईल."

त्यानंतर ती काही बोलली नाही. मी हात धरून बसले. श्वास मोजायचे असतात हे मला माहीत होतं, पण मला मोजता येईना. थोड्या वेळाने मोजण्यासारखं काही राहिलंच नाही.

हिराबाई डॉक्टरांना घेऊन आल्या तेव्हा त्यांनाच धाप लागली होती. डॉक्टर आईवर वाकले. हिराबाई तिकडे बघेनात. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"सोडला नायस ना?"

"नाही."

"मंग झाला," त्या म्हणाल्या, आणि खाली बसून आईचे केस सारखे करायला लागल्या. तेव्हा कुठे मला रडू आलं.

त्या वर्षी हिराबाई पास झाल्या. परीक्षकांनी "पुढे?" म्हणायच्या आत उठल्या म्हणे. निकाल कळला त्या दिवशी पांढरं पातळ नेसून आल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. गल्लीत कोणाला सांगितलं नव्हतं. ज्यांच्या पोटात काही राहत नसे, त्यांनी एवढी मोठी गोष्ट दाबून ठेवली होती. आईच्या रिकाम्या खाटेवर बसल्या. चांगलं दिसतं म्हणायला मी एकटीच होते. मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी माझं मनगट धरलं.

मला नियम माहीत होता. मोजणी बिघडू नये म्हणून मी खिडकीबाहेर बघत जमेल तसा नेहमीसारखा श्वास घेत राहिले. बराच वेळ गेला तरी हात सुटेना, म्हणून मी हळूच त्यांच्याकडे बघितलं. नव्या पातळावर घड्याळ नव्हतंच. हिराबाई डोळे मिटून बसल्या होत्या.

मी पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. सांगायचं नसतं.