दहा वर्षांची सरासरी

मेहुण्याने बायकोच्या बँकेच्या शेअरमागे तीनशे वीस देऊ केले आणि निरीक्षकांनी तोंडाजवळ नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. सकाळच्या पेपरात त्या बँकेच्या शेअरचा भाव तीनशे छापला होता. घरचा माणूस बाजारापेक्षा वीस जास्त देतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं ओळखायला त्यांना दुसरा कप लागला नाही.

"वीस जास्त कशाबद्दल?" त्यांनी विचारलं.

"ताईचं काम आहे म्हणून, भावजी," मेहुणा म्हणाला. "बाबांनी घेतलेले शेअर आहेत, घरातल्या घरात राहतील."

"बाबांची आठवण तुला आजच बरी आली."

मेहुणा बशीतल्या बिस्किटाचे तुकडे करू लागला. त्याने बहिणीकडे एकदा पाहिलं, बहिणीने लगेच खिडकीबाहेर पाहिलं, आणि निरीक्षकांनी दोघांकडेही पाहून घेतलं.

छत्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांची वजनमापं तपासली होती. पारड्याखाली मेण चिकटवणारे, वजनाच्या पोटात भोक पाडून वर बूच बसवणारे, काट्याला हळूच अंगठा लावणारे, सगळे त्यांनी पकडले होते. माणूस जेवढा गोड बोलतो तेवढा त्याचा काटा खोटा, हा त्यांचा आयुष्यभराचा निष्कर्ष. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. निवृत्तीच्या पहिल्याच आठवड्यात ते पिशवी घेऊन वाण्याकडे साखर आणायला गेले आणि तराजू उलटा करून बसले. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली, वाण्याने हात जोडले, आणि घरी बायकोने त्यांना कायमची दुकानबंदी केली. सामान तिने आणायचं, वहीत लिहायचं आणि संध्याकाळी हिशेब त्यांनी तपासायचा, अशी वाटणी झाली. ते रोज बेरीज दोनदा करत, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर, आणि मग सही ठोकत. दहा वर्षांत बेरीज एकदाही चुकली नव्हती. भल्याभल्यांचे काटे खोटे निघाले, पण आपल्या घरची वही चोख आहे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

शेअर विकायची घाई होती ती बायकोला. ती कपडे शिवायची, आणि तेही जेवणाच्या टेबलावर. जेवायची वेळ झाली की कापड गुंडाळायचं, जेवण झालं की पुन्हा पसरायचं, आणि मधल्या गडबडीत एखादी टाचणी कुणाच्या तरी ताटात सापडायची. गिऱ्हाइकं वाढली होती, टेबल तेवढंच होतं. अशात कोपऱ्यावरचा घड्याळजी आपला गाळा सोडून गेला. गाळ्याचा मालक तीन लाख अनामत मागत होता आणि शनिवारी दुपारी बारापर्यंत थांबायला तयार होता. त्यानंतर गाळा चपलांच्या दुकानाला जाणार होता. वडिलांनी दिलेले बँकेचे हजार शेअर तिच्याकडे होते, पण मध्यंतरी निरीक्षकांनीच सावधगिरी म्हणून ते दोघांच्या नावावर करून घेतले होते. त्यामुळे त्यांच्या सहीशिवाय एक शेअर हलणार नव्हता.

"लग्नाला एकतीस वर्षं झाली," बायको म्हणाली. "एवढं एकच मागतेय."

"नाही कुठे म्हणतोय? पण आधी शेअरची खरी किंमत तर कळू दे."

खरी किंमत काढायची रीत त्यांना लेकीने सांगितली. ती विमा कंपनीत आकडेमोड करायची. बँकेचा एका वर्षाचा नफा बघून काही कळत नाही, ती म्हणाली. बँकेचा एका वर्षाचा नफा म्हणजे पाहुणे यायच्या आधीचं घर. पसारा सगळा कपाटात कोंबलेला असतो, आणि बुडीत कर्जांचं ते कपाट चार-पाच वर्षांनी कधीतरी धाडकन उघडतं. म्हणून दहा वर्षांचा नफा घ्यायचा, बरा-वाईट सगळा. दहा वर्षांपूर्वीचे शंभर म्हणजे आजचे शंभर नव्हेत, तेव्हा प्रत्येक वर्षाचा नफा महागाईच्या हिशेबाने आजच्या पैशांत आणायचा आणि मग त्याची सरासरी काढायची. शेअरचा भाव त्या सरासरीच्या किती पट आहे ते बघायचं. ही बँक आजवर साधारण पंधरा पटीला विकली गेली आहे. पंधराच्या वर असेल तर महाग, खाली असेल तर स्वस्त.

कपाटातल्या पसाऱ्याची गोष्ट निरीक्षकांना फारच आवडली. ज्या रीतीत कुणावरच विश्वास ठेवायचा नसतो ती रीत त्यांना मनापासून पटली. बँकेचे दहा वर्षांचे अहवाल घेऊन ते बसले. सरकारने जाहीर केलेली महागाई धरली तेव्हा शेअरमागे सरासरी नफा वीस आला आणि तीनशेचा भाव बरोबर पंधरा पट निघाला. भाव महाग नाही, स्वस्तही नाही. इथे एखादा साधा माणूस सही करून मोकळा झाला असता.

"महागाई सरकारी आहे ना," निरीक्षक म्हणाले.

"मग कुणाची हवी, बाबा?"

"मी सरकारात होतो. सरकारी आकडे कसे तयार होतात ते तू मला सांगू नकोस."

खरी महागाई कुठे मिळेल हा प्रश्न त्यांना फार वेळ पडला नाही. कपाटात बायकोच्या हिशेबाच्या दहा वह्या होत्या, पानोपानी त्यांची स्वतःची सही असलेल्या. साखर, तेल, दूध, साबण, डाळ, असे पाच जिन्नस त्यांनी निवडले आणि दोन दिवस चष्मा पुसत दर वर्षीचे भाव उतरवून काढले. त्या वह्यांनुसार महागाई सरकारी आकड्याच्या तिप्पट वेगाने चढली होती. सरकार लबाड आहे हे त्यांना ठाऊक होतंच, आता कागदावर पुरावा मिळाला. या महागाईने जुने नफे आजच्या पैशांत आणले तसे ते फुगत गेले. सरासरी वीसची तीस झाली, आणि तीनशेचा भाव जेमतेम दहा पट निघाला.

म्हणजे शेअर मातीमोल भावाने विकला जात होता. पंधरा पट धरली तर त्याची किंमत चारशे पन्नास होत होती. मेहुणा तीनशे वीस देऊन शेअरमागे एकशे तीस लाटू बघत होता, आणि वर बहिणीचं काम म्हणत होता.

गुरुवारी त्यांनी मेहुण्याला बोलावून हे सगळं तोंडावर सांगितलं. मेहुणा आधी लाल झाला, मग पांढरा पडला, आणि शेवटी बहिणीकडे बघत म्हणाला, "बरं, तीनशे चाळीस देतो." झालं. चोराच्या मनात चांदणं. लुटायचा बेत नसता तर पठ्ठ्या पाच मिनिटांत वीस वर गेला असता का? सही करणार नाही, असं निरीक्षकांनी जाहीर केलं. उलट, मेहुण्याकडे स्वतःचे हजार शेअर आहेत तेही आपणच विकत घ्यावेत, पेन्शनची ठेव मोडून घ्यावेत, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. संध्याकाळी बहीण-भाऊ स्वयंपाकघरात कुजबुजताना दिसले तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. बायको भोळी आहे आणि भाऊ तिला फितवतोय.

 शुक्रवारी बायकोने जेवणाच्या टेबलावर एक झगा बेतला, अर्ध्यात उचलून ठेवला, पुन्हा पसरला, पुन्हा उचलला. एकदा ती म्हणाली, "सरकारी महागाई धरली तर काय बिघडेल हो?" निरीक्षकांनी तिला अर्धा तास समजावून सांगितलं की तिच्या वहीची सर सरकारला येणार नाही. तिने झगा पुन्हा गुंडाळला.

शनिवारी सकाळी लेकीने वडिलांचे कागद हातात घेतले आणि तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"बाबा, साखर दहा वर्षांत साडेतीन पट? चाळीसची एकशे चाळीस?"

"वहीत आहे."

"पण माझ्या ऑफिसखाली बासष्टला मिळते."

निरीक्षक उभे राहिले. लेक खोटं बोलणार नाही, वही तर चुकणं शक्यच नाही, मग उरलं कोण? वाणी. दहा वर्षं तो त्यांच्या भोळ्या बायकोला दुपटीहून जास्त भाव लावत आला होता, आणि ते घरी बसून खाली सह्या करत आले होते. त्यांनी कपाटातून तपासणीच्या वजनांची मखमली पेटी काढली, दहाही वह्या पिशवीत भरल्या आणि दहा वर्षांची दुकानबंदी मोडून ते जिना उतरले. मागून बायकोने हाक मारली ती त्यांनी ऐकली नाही.

वाण्याने त्यांना पेटीसकट येताना पाहिलं आणि न सांगताच तराजू रिकामा केला. निरीक्षकांनी पारडी उलटी केली, वजनं पालथी घातली, काटा दोन्हीकडून पाहिला. सगळं चोख होतं. चोख काटा पाहून त्यांचा संशय नेहमीच बळावत असे.

"साखर काय भाव?" त्यांनी विचारलं.

"बासष्ट, साहेब."

"आणि माझ्या घरी एकशे चाळीस?"

वाण्याने वहीत डोकावलं, खालची सही पाहिली आणि तो गोंधळला. त्याने फळीवरून बिलांची जुनी पुस्तकं काढली. प्रत्येक बिलाची कार्बन प्रत होती. साखर पन्नास, साखर पंचावन्न, साखर बासष्ट. तारखा जुळत होत्या, वजनं जुळत होती, फक्त भाव जुळत नव्हते. गिऱ्हाइकं पिशव्या खाली ठेवून बघत उभी राहिली. प्रती मागाहून बनवल्या आहेत, शाई एकाच दिवसाची दिसते, असं निरीक्षकांनी ठणकावलं आणि त्या भिंगाखाली धरल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

तेवढ्यात बायको धापा टाकत आली. गळ्यात मोजपट्टी तशीच होती.

"त्यांना सोडा," ती म्हणाली. "वहीतले भाव माझे आहेत."

"तुझे म्हणजे?"

"मी वाढवून लिहिलेत."

निरीक्षकांच्या हातातलं भिंग कार्बन प्रतीवरच राहिलं. वाणी एकदम फळीवरचे डबे पुसू लागला.

"पहिल्या वर्षी किलोमागे एखाद-दुसराच वाढवला," बायको म्हणाली. "मशीनला तेल हवं होतं. तुम्ही विचारलं असतंत, आधीची बाटली एवढ्यात कशी संपली. ते सांगत बसायचा कंटाळा आला हो. मग हळूहळू भीड चेपली."

"दहा वर्षं? आणि मी रोज तपासत होतो."

"तुम्ही बेरीज तपासत होता. भाव कधी विचारलाच नाहीत."

आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, ते पैसे कुठे आहेत. भावाकडे ठेवलेत, ती म्हणाली, तीन लाख वीस हजार. हजार शेअर आणि शेअरमागे तीनशे वीस, हा गुणाकार करायला निरीक्षकांना कागद लागला नाही.

"म्हणजे तो मला देत होता ते..."

"माझेच. तुमच्यासमोर आणायचे कसे? म्हणून शेअर विकल्याचं निमित्त केलं. शेअर त्याच्याकडे माझेच म्हणून राहिले असते."

"आणि तीनशे चाळीस?"

"वरचे वीस त्याच्या पदरचे. गाळा हातचा जाईल म्हणून बिचारा घाबरला."

निरीक्षकांना राग यायला हवा होता आणि तो येतही होता, पण त्याच्या आधी लाज येऊन बसली. मेण लावणाऱ्या वाण्यांनी त्यांना फसवलं ते पैशांच्या लोभाने. बायकोने फसवलं ते तेलाच्या एका बाटलीचा जाब द्यावा लागू नये म्हणून. सगळ्या गावाचे काटे त्यांनी तपासले, आणि ज्या काट्याने ते बँक मोजायला निघाले होते तो त्यांच्याच धाकाने खोटा झाला होता. चारचौघांत उभं राहून त्यांना हे आता कळत होतं, आणि फार वाईट वाटत होतं.

"साडेअकरा झालेत," बायको म्हणाली. "मला बाराच्या आत गाळ्यावर जायचंय. काय ओरडायचं ते नंतर ओरडा."

निरीक्षकांनी वाण्याची क्षमा मागितली. ती त्यांना नीट मागता आली नाही, कारण सवय नव्हती. मग त्यांनी पेटी बंद केली आणि ते बायकोच्या मागून चालू लागले. वाटेत बायकोने फोन केल्यामुळे मेहुणा पैसे घेऊन गाळ्याच्या दारात उभा होता. त्यांना बघून तो दोन पावलं मागे सरला.

"तुझे वीस तू ठेव," निरीक्षक म्हणाले. "शेअर कुठे जात नाहीत. आणि मी तुला परवा जे बोललो ते मला मागे घ्यायचंय."

करारनाम्यावर साक्षीदार म्हणून त्यांनीच सही केली, आयुष्यात पहिल्यांदा मजकूर न वाचता.

घरी लेकीने वाण्याच्या बिलांवरचे भाव धरून हिशेब पुन्हा केला. उत्तर पंधराच आलं. सरकारने निदान या बाबतीत तरी कुणाला फसवलं नव्हतं, आणि ही गोष्ट पचवायला निरीक्षकांना आठवडा लागला.

गाळा सुरू झाला. महिनाभर निरीक्षकांनी तिथलं काही विचारलं नाही. रोज संध्याकाळी ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने फिरायला जात आणि काचेतून आत किती गिऱ्हाइकं आहेत ते मोजून घेत. एकतिसाव्या दिवशी मात्र त्यांच्याने राहवलं नाही आणि ते आत शिरले. बायको एका जाडजूड बाईच्या कोटावर खडूने रेघ मारत होती.

"सहज विचारतो," ते म्हणाले. "महिन्यात किती उरले?"

"एका महिन्यावरून काय कळतंय?" बायको रेघेवरची नजर न काढता म्हणाली. "दहा वर्षं जाऊ देत. सरासरी काढून सांगीन."

निरीक्षक थोडा वेळ घुटमळले. "महागाई धरून?"

"हो. कोणती धरायची ते मी ठरवीन."

कोट घातलेली बाई हसली. निरीक्षकांनी मान हलवली आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर, दोन पिशव्या बाजूला सारून, ते आपली जागा करून बसले.